खोक्याच्या लेखकास अनावृत पत्र

प्रति,
माननीय खोकेलेखक,
(प्रोजेक्टरच्या खोक्यावर आकडे घालणारे, पत्ता मात्र खोक्यावर घातलेला नाही)

विषय : न दिसलेल्या हत्तीबाबत.
संदर्भ : आपले खोके, उजवी बाजू, ओळ १ ते ५.



मी रत्नागिरीत राहते. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. सड्यासड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, हिंडून कातळशिल्पांचे फोटो काढते आणि कोणी बोलावलं तर त्यांच्यावर बोलते. बोलावतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याला दीडशे वर्षं झाली, तरी सतरंजीवर बसून दुसऱ्याचं ऐकायची आपली हौस फिटलेली नाही. फरक इतकाच की पूर्वी वक्त्याला घसा पुरे. आता फोनवर पहिला प्रश्न येतो, "बाई, प्रोजेक्टर तुमचाच आणाल ना?"

म्हणून मी आपलं खोकं विकत घेतलं. आत एक यंत्रही होतं.

आधी आपल्या शैलीबद्दल बोलते. '९००० लुमेन. ४के सपोर्ट. कॉन्ट्रास्ट १०,०००:१. पडदा ३०० इंचांपर्यंत. दिव्याचं आयुष्य ३०,००० तास.' पाच ओळी, क्रियापद एकही नाही, आणि कल्पनाशक्ती मात्र कादंबरीभर. ३०,००० तासांचा मी हिशेब मांडला. रोज दोन तास लावला तर ४१ वर्षं. मला ६४ चालू आहे. म्हणजे १०५व्या वाढदिवसाला आपलाच दिवा, निरांजन नको. ३०० इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप असतं, हे मला माहीत होतं. तसं चित्र पावणेबावीस फूट रुंद होतं. एवढी सलग भिंत आमच्या घराला पडवी धरूनही नाही.

तर पहिलं व्याख्यान एका वाचनालयाच्या सभागृहात. वेळ संध्याकाळी पाचची, खिडक्या पश्चिमेला. पडदे आहेत म्हणाले, पण धुवायला गेले होते. दोन ट्यूबलाइट बरोबर पडद्यासमोर; त्या बंद करता येईनात, कारण त्याच बटणावर पंखे होते. मी कशेळीचा हत्ती लावला. आपण तो पाहिला नसेल, म्हणून सांगते. जांभ्याच्या सड्यावर खोदलेला, साधारण १८ मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या अंगभर इतर प्राण्यांची दाटी. पण खोदकाम उथळ. दुपारी बाराला त्याच्यावर उभं राहिलात तरी कळायचं नाही. सकाळचं तिरकं ऊन आलं की रेघेच्या एका काठाची सावली पडते आणि हत्ती कातळातून वर येतो. म्हणजे माझ्या फोटोत आहे काय? तपकिरी रंग, आणि त्याहून जरा गडद तपकिरी. हत्ती आहे तो त्या 'जरा'मध्ये.

मी म्हटलं, "हा हत्ती." पडद्यावर करपलेली भाकरी होती. पहिल्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसून म्हणाले, "दिसत नाही हो बाई. पण तुम्ही म्हणताय, तर असेल." मग मी लेझरच्या ठिपक्याने पडद्यावर हत्ती काढून दाखवला. सोंड, पाठ, शेपूट. सबंध पडद्यावर त्या ठिपक्याइतकं उजळ दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन यंत्र उलटं केलं. पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत '६० वॅट'. आमच्या स्वयंपाकघरातल्या एलईडी ट्यूबच्या वेष्टनावर '२० वॅट, २००० लुमेन' असं आहे. त्या हिशेबाने आपलं अख्खं यंत्र म्हणजे नुसती ट्यूब असती, पंखा नाही, भिंग नाही, तरी ६००० च्या वर जात नव्हतं. आणि मध्ये तर एलसीडीची काच आहे. तिच्या आधीची ध्रुवीकरणाची पट्टी निम्म्याहून जास्त उजेड खाते. उरलेल्यातला दोनतृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या अडवतात. भिंगापाशी पोचतो तो प्रसाद.

प्रसाद मोजायची एक रीत आहे, ती आपण ऐकून असालच. पांढरं चित्र लावायचं, त्याचे नऊ सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायची. येतात ते आन्सी लुमेन. आम्ही रात्री भिंतीवर नऊ चिठ्ठ्या डकवल्या. मोबाइलमधल्या लक्समीटरने आमचे हे आकडे सांगत गेले, बँकेत कॅशियर होते त्याच सुरात, आणि मी वहीत उतरवत गेले. चित्र १.६ मीटर बाय ०.९. सरासरी १३० लक्स. गुणाकार १८७. मोबाइलचा मीटर काही प्रयोगशाळेतला नव्हे. पण १८७ आणि ९००० यांतला फरक पकडायला तो पुरतो. यांनी चष्मा काढून विचारलं, "उरलेले ८,८१३ कुठे गेले?" बँकेत असते तर यांनी तेवढ्यासाठी रात्री दहापर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं असतं.

आता कॉन्ट्रास्टबद्दल, कारण माझा हत्ती तिथे मेला. महोदय, प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळा म्हणजे जिथे त्याने काही टाकलेलं नाही ती जागा. पडदा पांढरा असतो. खोलीत जेवढा उजेड त्याच्यावर पडतोय, तेवढा त्या दिवशीचा आपला काळा. मी गणित केलं. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. आपले १८७ लुमेन त्यावर पसरले की ६८ लक्स येतात. सभागृहातल्या ट्यूब आणि खिडक्या मिळून पडद्यावर १०० तरी धरा. म्हणजे पांढरा १६८, काळा १००. प्रमाण पावणेदोनासही एक नाही. आपण लिहिलेत दहा हजारास एक. दहा हजार मिळतात, मिळत नाहीत असं नाही. काळोख्या खोलीत आधी पूर्ण पांढरं चित्र लावून मोजायचं, मग पूर्ण काळं लावून, दिवाही आतून मंद करून. एकाच चित्रात शेजारीशेजारी नव्हे. आमच्याकडे हत्ती आणि कातळ शेजारीशेजारी असतात, ही आमची अडचण.

पडद्यावर उजेडाची चित्रं दाखवणं आपल्याकडे जुनंच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, दोन-दोन दिवे, एक चित्र दुसऱ्यात विरघळवायची युक्ती, सोबत कथा. घरोघर वीज यायच्या आधीचा काळ. उजेड मोलाचा होता, पण अंधार फुकट आणि मुबलक. आता बरोबर उलटं झालंय. लुमेन खोक्यावर नऊ हजारांनी मिळतात आणि सभागृहात अंधार मागितला तर कार्यवाह म्हणतात, "पंखे बंद होतील."

'४के सपोर्ट' हे तर मला फारच आवडलं. चार पोती भात दारात उतरवून घ्यायचा, कांडायचं त्यातलं अर्धं पोतं, आणि बाहेर पाटी लावायची : 'येथे चार पोती घेतली जातात.' आपल्या यंत्राचे स्वतःचे ठिपके १२८० बाय ७२०. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४०००. नातवाचे मोबाइलवरचे फोटो उभे. ते लावले की मध्ये एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना आपला तो प्रसिद्ध काळा.

असो. दुसरं यंत्र घ्यायला मी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेले. त्यांनी दिवे मालवले आणि एक फिल्म लावली. पोपट, कारंजं, उंचावरून निळा समुद्र. समुद्र मला घरबसल्या दिसतो. मी म्हटलं, "दिवे लावा, आणि माझा दगड लावा." दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "लावा."

पहिलं होतं डीएलपीचं. लॅरी हॉर्नबेक नावाच्या माणसाने १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काढलेली चिप : नखाएवढ्या जागेत लाखो आरसे, प्रत्येक डोलणारा. विचार केला तर हात जोडावेसे वाटतात. पण स्वस्तातल्या यंत्रात चिप एकच, म्हणून रंग एकामागून एक फिरत्या चक्रीतून येतात, आणि आकडा फुगवायला चक्रीत एक पांढरा भाग घातलेला असतो. अक्षरं झकास दिसली. जांभा दिसला सुकलेल्या चिकूसारखा, कारण पांढऱ्याला मिळणारे लुमेन रंगाला मिळत नाहीत. शिवाय यांना मान वळवली की कडेला इंद्रधनुष्य दिसे. मला नाही दिसलं. काहींना दिसतं, काहींना नाही. संसारातल्या बऱ्याच गोष्टींसारखं.

दुसरं तीन एलसीडीचं. तिन्ही रंग एकाच वेळी, रंगाचा उजेड पांढऱ्याइतकाच. पूर्ण अंधारात त्याचा काळा जरासा राखी, हे मान्य. पण लुमेन ३५००, आणि तेही आन्सी. तेच १०० इंची चित्र, तेच ट्यूबचे १०० लक्स; पांढरा १३७०, काळा १००, जेमतेम पावणेचौदास एक. दहा हजार नव्हेत, महोदय, पावणेचौदा. पण दिवे चालू असताना सोंड दिसली. दुकानातला पोऱ्या आपण होऊन म्हणाला, "अरे, हत्ती आहे!" मी यंत्र तिथेच घेतलं. ठिपके १९२० बाय १२००. उंची जास्त असल्याने कॅमेऱ्याच्या फोटोला जास्त जागा मिळते. किंमत इथे लिहीत नाही. हे पत्र घरातही वाचलं जाणार आहे.

व्याख्यानाचं भागलं. घरचं प्रकरण वेगळं. सासऱ्यांनी काढलेल्या जुन्या स्लाइड आम्ही स्कॅन करून घेतल्या आहेत. त्यात एक संक्रांतीची. सासूबाई नव्या नवरीच्या थाटात, काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने. पांढराशुभ्र हलवा आणि काळंभोर लुगडं : कॉन्ट्रास्टची परीक्षा घ्यायची तर याहून कडक प्रश्नपत्रिका कुणी काढू शकणार नाही. आपल्या यंत्रावर सगळे दिवे घालवूनसुद्धा चंद्रकळा धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी दिसे. काटाची ठिपक्यांची नक्षी बेपत्ता. नवं यंत्र मंद करून लावलं, पंख्याची घरघरही कमी झाली, तरी काळा अजून राखीच. मग लक्षात आलं की आमच्या पांढऱ्या भिंती चित्राचाच उजेड परत चित्रावर फेकतायत. यांनी दोन्ही बाजूंना सत्कारात मिळालेल्या शाली टांगल्या. मरून, जांभळी, गडद हिरवी; शालींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं. आणि चंद्रकळेच्या निऱ्या दिसल्या. एकेक निरी. दंडावरच्या हलव्याच्या वाकीचा काटाही दिसला. सासूबाईंनी तो हलवा शेगडीशी बसून स्वतः केला होता, असं हे सांगायला लागले, आणि बराच वेळ पुढची स्लाइड लावली नाही.

आपली,
एक खोकेधारक

ता. क. आपलं खोकं मी टाकलेलं नाही. नवं यंत्र टीपॉयवर ठेवलं की चित्र खाली जाई. यंत्र वर कलतं केलं की चित्राचा पतंग होई. तो यंत्रातल्या 'कीस्टोन' सोयीने सरळ करावा तर वरचे ठिपके फुकट जातात. खोक्यात जुने दिवाळी अंक ठासून भरले आणि यंत्र त्यावर ठेवलं. चित्र चारी कोपऱ्यांत सरळ. तेव्हा पाहिलं, खोक्याच्या तळाशी आपण बाहेरचं माप छापलंय : उंची १७ सेंटीमीटर. यांनी पट्टी आणून मोजली. बरोबर १७ भरली.