तरतरीचा तगादा

कंपवाताने हात थरथरतो हे जगाला ठाऊक आहे. परंतु सदऱ्याचे शेवटचे बटण लागताच मनुष्याला पुन्हा आडवे व्हावेसे वाटावयास लावणारा जो थकवा, त्याची दखल, तो डोळ्यांना दिसत नसल्याकारणाने, कोणीच घेत नाही. आणि ज्याच्या तडफेचे दाखले एके काळी खुद्द कलेक्टरसाहेब देत असत, अशा माझ्यासारख्या निवृत्त शिरस्तेदाराला कंपापेक्षा ही बेदखलीच अधिक झोंबते. सबब मी तरतरी विकत घ्यावयाचे ठरविले.

पहिला मान को-एन्झाइम क्यू-टेनचा. त्याची बाटली पाहून, माझी मुद्रा रोगाने जितकी निर्विकार झाली आहे तितकीच ज्यांची व्यवसायाने झाली आहे, ते आमचे डॉक्टर म्हणाले, की अमेरिका व कॅनडातील ६०० रुग्णांवरील चाचणीत हे द्रव्य दररोज १२०० व २४०० मिलिग्रॅम देऊनही काही निष्पन्न होईना, तेव्हा ती मध्येच थांबवावी लागली. आणि १,७४१ रुग्णांवर झालेल्या क्रिएटिनच्या चाचणीचीही तीच गत झाली. बाटली महाग होती, म्हणून मी ती संपविली.

मग एका स्नेह्याने खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण आणले, आणि माझी विद्यार्थिदशा जागी झाली. या वेलीच्या शेंगेवरील लव मी गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीवर यथासांग पसरली होती, आणि तोवर आसन सोडणे हा ज्यांच्या लेखी अपमान होता, त्या स्थूलदेह गृहस्थांनी फळ्यापासून दरवाजापर्यंत जी विद्युत्गती प्रकट केली, ती पाहता जड शरीरात चैतन्य ओतण्याचे या वनस्पतीचे सामर्थ्य मी सप्रमाण सिद्ध केले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला खरा; पण त्यांच्या प्रयोगात मास्तर नव्हते. आश्चर्य हे, की माझ्या गोळीतले मुख्य द्रव्यही तेच! तेव्हा चूर्णाच्या चमच्यात ते किती उतरते याचा हिशेब नसताना गोळीवर त्याची भर घालू नये, असा डॉक्टरांचा हुकूम झाला.

शेवटी पुतण्याने प्रथिनांच्या भुकटीचा अवजड डबा रुजू केला. ती दुधातून, नेमकी गोळीबरोबर घेतल्यावर मी अधिकच गळून जाऊ लागलो. कारण प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत शिरण्यास वाट एकच, आणि तीवर गर्दी झाली की गोळी मागे राहते. हे सौभाग्यवतींना केव्हाच ठाऊक होते. "अहो, गोळी आधी, आणि दूध अर्ध्या तासाने," एवढेच म्हणून त्यांनी डबा फळीवर चढविला, वरण-उसळ रात्रीच्या जेवणावर ढकलली. हल्ली बटणे त्याच लावतात. आणि कामाचा ज्यांचा उरक आळीत प्रसिद्ध आहे, त्या बाई ती इतकी रेंगाळत लावतात, की पाहणाऱ्याला वाटावे, उशीर त्यांच्याचमुळे होतो आहे. यावर विनोद करण्याचा माझा अधिकार मी सोडून दिला आहे.

हितचिंतकांना अर्ज एवढाच, की डबे आणू नयेत. यावयाचे तर गोळी अंमल गाजवीत असते तेव्हा, सकाळी दहा ते साडेअकरा या मुदतीत यावे. एरवी मुंगीच्या पावलांची होणारी माझी सही त्या वेळी अजूनही पूर्वीसारखी झोकदार येते, आणि मागणाऱ्यास ती विनामूल्य मिळेल.