ठिपक्यांचा महामार्ग

पगारी सर्वेक्षकांऐवजी वाटसरूंनीच स्वेच्छेने भरलेला नकाशा, म्हणजेच लोकसहभागी नकाशा, ही कल्पना 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ने रुजवली आणि 2011 पासून ‘ओपन चार्ज मॅप’ने ती विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांना लावली. जो येईल तो पाहील आणि जो पाहील तो नोंदवील, एवढ्याच श्रद्धेवर हा सारा डोलारा उभा आहे. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसलेल्या पिंपरी पेंढारसारख्या गावांत मात्र ही श्रद्धा स्वतःभोवतीच फिरू लागते, कारण नकाशावर ठिपका नाही म्हणून विजेची गाडी थांबत नाही आणि गाडी थांबत नाही म्हणून ठिपका पडत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र सुचवून हा पेच निदान कागदावर तरी सोडवला होता. ठिपका एकदा जन्मला की मात्र सहसा मरत नाही. केंद्र सुरू झाल्याचे कळवणाऱ्याचा उत्साह ते बंद पडल्याचे कळवताना उरत नाही. नकाशात सॉकेटचा प्रकार, किलोवॉटमधील क्षमता, वाहनतळाचे शुल्क अशा सर्व बाबींना रकाने आहेत. जुन्नर तालुक्यात शेतीपंपाला लागणारी थ्री-फेज वीज, म्हणजे तीन तारांचा पुरवठा, या आठवड्यात दिवसा येणार की रात्री, आणि रात्री आल्यास पाणी द्यायला निघालेल्याला उसात बिबट्या आडवा येईल का, यासाठी तेवढा रकाना नाही.