कौशल्ये : ९० टक्के

‘माझ्याविषयी’ हे पान लिहायला बसलं की भल्याभल्या वेब डिझायनरची बोबडी वळते. दुसऱ्याच्या कुक्कुटपालन केंद्राला तासाभरात ‘विश्वासाची परंपरा’ मिळवून देणारा माणूस स्वतःच्या अनुभवापाशी अडतो. मग तो सरळ रंगीत पट्ट्या ओढतो. एचटीएमएल ९० टक्के, सीएसएस ८५, फोटोशॉप ८०. उरलेले १० टक्के कुणाकडे असतात, हे गिऱ्हाईक विचारत नाही. ते विचारतं, ‘‘ते ठीक आहे, पण नोकरीला कुठं आहात?’’

राळेगणसिद्धीत बसून या पट्ट्या ओढताना जरा जास्तच अवघडायला होतं. एरवी शाळा टक्के बघून प्रवेश देतात. इथल्या संत निळोबाराय विद्यालयाने नापास मुलांना जवळ केलं. आणि ज्यांच्यामुळे गाव देशाला ठाऊक झालं, त्या अण्णा हजारेंची ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ काय, तर लष्करात ट्रक चालवत होते. १९७५ साली गावी परतले, यादवबाबांचं पडकं देऊळ पदरच्या पैशांतून उभं केलं. पुढे नालाबांध, पाझर तलाव. पाणलोटाच्या कामात आपण किती टक्के, हे सांगायची वेळच आली नाही. विहिरींना पाणी आलं, लोक बघायला आले.

माझं पोट ज्यांवर चालतं ती कौशल्यं तर त्या पट्ट्यांत बसतच नाहीत. मजकूर येतो तो डीटीपीवाल्याकडच्या श्रीलिपीत. तो युनिकोडमध्ये आणायचा. गावच्या पंचसूत्रीतली नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी आणि श्रमदान सुखरूप उतरतात; अडते ती कुऱ्हाडबंदी. साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ‘ह’ दिला, की रफार होऊन तो डोक्यावर चढतो आणि ‘कुर्हाड’ उमटते. तिथे नुक्तावाला ‘ऱ’ द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो पापणीसारखा आडवा र जागेवर येतो. हिंदीला या अक्षराचं अडत नाही, त्यामुळे दिसायला देखणे देवनागरी फॉन्टही कधी कधी इथेच गचकतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फुकट मिळतो, आणि माझं त्याच्यावर भागतं. एवढं करून पान दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘यात तुम्ही काय केलं? हे तर आम्हीच लिहून दिलं होतं.’’

फोटो मिळवणं ही वेगळी विद्या. दुकानाचा फोटो मागितला, की मालकांचा शाल-श्रीफळ घेतानाचा येतो. दुकान मागे असतं, फेट्याआड.

पण सगळ्यांत वरचं कौशल्य वसुलीचं. ‘‘दुधाचा पगार झाला की देतो,’’ असं म्हणणाऱ्याला, तो पगार दर दहा दिवसांनी होतो हे आपल्याला माहीत आहे, हे न दुखावता सुचवायचं असतं. त्याआधी त्याच्या गाईची चौकशी करायची, चहा नको म्हणायचा नाही, आणि बिलाचा कागद खिशातून आपण होऊन काढायचा नाही.