उंदराची बदली

तळमजल्यावर राहणाऱ्याने अहिंसा पाळू नये, पाळायचीच असेल तर चौथ्या मजल्यावर जागा घ्यावी, असं आमच्या हिचं मत आहे. मी तीस-पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण माशा मारल्या नाहीत. शब्दशः सांगतोय. रविवारचं मटण खातो हे खरं; पण बोकड खाटीक कापतो. मी रांगेत उभा राहून ‘खांद्याचं द्या, चरबी काढून’ एवढंच म्हणतो. माझा हात त्यात कुठेच नसतो, असलाच तर पिशवी धरायला.

तर आमच्याकडे उंदीर झाला. आधी पोह्यांच्या पिशवीला भोक पडलं, मग ओट्याखाली बारीक लेंड्या दिसल्या, आणि मग एका रात्री ही पाणी प्यायला उठली असताना तो मिक्सरच्या मागून निघून तिच्या पावलावरून गेला. त्यानंतर घरात कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाला.

“सकाळी औषध आणा,” ही म्हणाली.

मी औषधाच्या विरोधात बोललो. ती वडी खाऊन उंदीर लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं, तो आतल्या आत रक्तस्राव होऊन दोन-चार दिवसांनी कपाटामागे मरतो, आणि तो अर्धमेला असताना घुबडाने उचलला तर विष घुबडाच्याही पोटात जातं, हे सगळं मी समजावून सांगितलं.

“आपल्या सोसायटीत घुबड आहे?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाने पोहे खाल्ले नाहीत, उंदराने खाल्ले.”

चिरंजीवांनी चिकट पुठ्ठ्याचा पर्याय सुचवला. तो शेजारच्या काकांकडे मी पाहिला होता. उंदराचे चारही पाय रुतलेले, सुटायच्या धडपडीत गालही चिकटलेला, आणि रात्रभर शिट्टीवजा बारीक आवाज. सकाळी काकांनी पुठ्ठ्याची घडी घातली आणि उंदरासकट ओल्या कचऱ्यात टाकली. या पुठ्ठ्यांवर बंदी घाला म्हणून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्येच राज्यांना कळवलं आहे. पत्र पोचलं असणारच. पोचलेल्या पत्राचं पुढे काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको.

आईचा पक्ष तिसराच. “बाप्पाचं वाहन आहे, मारू नका,” असं म्हणून तिने हात जोडले आणि लगेच पुढचं वाक्य टाकलं, “पण प्लेगात म्हणे घरात उंदीर पडला की माणसं चूल तशीच सोडून रानात झोपड्या बांधायची. तेव्हा ठेवूही नका.” मारायचा नाही आणि ठेवायचा नाही. अशा शेऱ्याची फाईल मी आयुष्यभर हाताळली आहे. त्यावर एकच कार्यवाही होते : बदली.

बाजारातून जाळीचा पिंजरा आणला. दुकानदार म्हणाला, “बोंबलाचा तुकडा लावा, टोमॅटोला हल्लीचे उंदीर विचारत नाहीत.” म्हणजे अहिंसेची सुरुवात बोंबलापासून झाली. उंदीर नव्या वस्तूच्या वाऱ्याला काही दिवस उभा राहत नाही. आमच्या ऑफिसात पहिला संगणक आला तेव्हा आम्हीही त्याच्याभोवती असेच लांबून फिरायचो. शेवटी एका रात्री ‘खट्’ झालं.

दिवा लावून मी पिंजऱ्यासमोर उकिडवा बसलो. तो एका कोपऱ्यात अंग आकसून बसला होता आणि कुशी भराभर वरखाली होत होत्या. मिश्या सारख्या हलत होत्या. थोड्या वेळाने त्याने पुढचे दोन पाय उचलले, जाळीची तार धरली (बोटं गुलाबी, नखं मोहरीपेक्षा बारीक) आणि दात लावून पाहिले. तार तुटत नाही हे कळल्यावर त्याने तार सोडली, आणि तोंड धुवायला घेतलं. कानामागून पुढे, नाकापर्यंत, दोन्ही हातांनी, नीट. समोर दीडशे पौंडांचं संकट बसलेलं असताना! माझी आणि त्याची नजरानजर झाली. उंदराशी नजरानजर होऊ देऊ नये. बोकडाशी होत नाही म्हणून तर रविवार सुरळीत पार पडतो.

आपल्याकडे दया नेहमी अशी तोंड बघून होते. मुंबईत १८३२ मध्ये इंग्रजांनी बेवारशी कुत्रे मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्यांची, गुरांची सोय झाली. उंदरासाठी कोणी दगड उचलल्याचं ऐकिवात नाही. उलट मुंबई महापालिकेत रात्रपाळीचे उंदीर मारणारे कर्मचारी आहेत : एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्री किमान ३० उंदरांचं उद्दिष्ट. आपण झोपतो, ते गल्लीबोळांत फिरतात, आणि सकाळी आपण प्राणिमात्रांवर प्रेम करायला मोकळे.

अर्थात कागदावर याहून मोठी कामगिरी झालेली आहे. मंत्रालयात ७ दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा हिशेब २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत वाचून दाखवला होता. मी भागाकार केला. मिनिटाला साधारण ३२ उंदीर पडतात, जेवणाची सुट्टी न घेता. मंत्रालयात जेवणाची सुट्टी न घेता काही झालं, यावर माझा विश्वास बसत नाही.

असो. रात्री साडेअकराला पिंजरा साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घातला, पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली आणि नाल्याकडे निघालो. ती जागा मी विचारपूर्वक निवडली होती : वस्ती नाही, खायला भरपूर, आणि मुख्य म्हणजे आमच्या घरापासून लांब. अनोळखी मुलखात नेऊन सोडलेला उंदीर सहसा फार दिवस काढत नाही, हेही मी वाचलं होतं. पण ते वाक्य मी जरा भरभर वाचलं होतं.

नाल्याच्या कठड्याशी आधीच एक गृहस्थ उभे होते. बर्म्युडा, वर स्वेटर, हातात तस्साच पिंजरा. मागच्या मोठ्या संकुलात राहणारे. सकाळी फिरायला जाताना दिसतात.

“तुम्हीपण?” ते म्हणाले.

“हो. मारवत नाही.”

“अगदी. आमचा बारावा मजला, तिथेसुद्धा पाइपाने चढतात.” त्यांनी माझ्या पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “हा ओळखीचा वाटतो.”

“म्हणजे?”

“नाही, एरवी एवढ्या लांब येत नाही मी. तुमच्या मागच्या भिंतीपाशीच सोडतो. तिथे तळमजल्याला कोणीतरी सज्जन माणूस आहे, औषध घालत नाही, असं वॉचमन म्हणाला.”

मी काही बोलणार तोच मागे मोटारसायकल थांबली.

“पिशवीत काय आहे काका?” हवालदाराने विचारलं.

“उंदीर.”

“मेलेला?”

“जिवंत.”

तो दोन पावलं मागे सरला. इथे मी न विचारता कायदा सांगायला लागलो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव हा प्राणी, म्हणजे उंदीरही आला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं. उलट १९७२च्या वन्यजीव कायद्याने लहानमोठे उंदीर, कावळा आणि फळं खाणारं वटवाघूळ यांना उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत टाकलं. आता पितृपक्षात ज्याची आपण हात जोडून वाट बघतो तो कावळा आणि ज्याच्यावर बाप्पा बसतो तो उंदीर, दोघे एका यादीत! २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, हे सांगून मी दम घेतला.

“दंड किती?” हवालदाराने मुद्द्याचं विचारलं.

“पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये.”

“जनावराला छळलं तर?”

“छळलं तर.”

“आणि तुम्ही हेल्मेट घातलेलं नाही, त्याचा दंड माहितीये?”

मी डोक्यावर हात ठेवला. बर्म्युडावाले गृहस्थ अंधारात एक पाऊल सरकले. हवालदाराने बराच वेळ दोन्ही पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग हनुवटीने पलीकडे खूण केली. “इथे नका सोडू. पूल ओलांडा. तिकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द आहे.”

आम्ही पूल ओलांडला. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत विजेच्या खांबाखाली एक मांजर बसलेली होती. शेजारी कोणीतरी भूतदयेने ठेवलेली दुधाची वाटी, दूध तसंच. माझ्या उंदराला बाहेर पडायचं नव्हतं. दार उघडलं तरी तो जाळी धरून बसला. मी पिंजरा उलटा करून हलवला, मागे थोपटला, “अरे जा, मोकळा आहेस,” असंही म्हणालो. तो पडला, एकदा माझ्या चपलेच्या दिशेने आला, मग वळला. मांजरीने फार घाई केली नाही. तिला सवय असावी.

“आपण नाही मारला,” बर्म्युडावाले म्हणाले आणि स्वतःच्या पिंजऱ्याचं दार उघडलं.

परत येताना हवालदार तिथेच होता. चलन फाडणार म्हणून मी खिशात हात घातला, तर तो आवाज खाली आणून म्हणाला, “काका, तो पिंजरा दोन दिवस मिळेल का? चौकीत फार झालेत. मुद्देमालाच्या खोलीत काही ठेवायची सोय नाही राहिली. औषध ठेवायला वरून परवानगी लागते.”

“न्या की,” मी म्हणालो. “बोंबील लावा. पण पकडल्यावर सोडणार कुठे?”

त्याने पिंजरा मोटारसायकलला बांधला, डायरी काढली आणि विचारलं, “तुमची सोसायटी कुठली म्हणालात?”