शंभर मीटरला दोन मिनिटं

"वहिनी, शंभर मीटर पळायला किती वेळ लागतो हो?"

"मला? अर्धा तास. त्यात मध्ये एकदा बसावं लागेल."

"तुम्हाला नव्हे, शर्यतीत! पहिलं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. ऑलिंपिकला आपली पोरं पाठवायची म्हणून कमिटी बसली. कुणीतरी विचारलं, शंभर मीटरला कमीत कमी वेळ काय लागतो? तर एक सभासद म्हणाले, असेल मिनिट-दोन मिनिटं. असा किस्सा सांगतात."

"अगंबाई! दोन मिनिटांत तर मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पोचते."

"सेकंदांचा मामला आहे म्हटल्यावर थक्कच झाले म्हणे. पण हसू नका. या एवढ्या माहितीवर त्यांनी टीम पाठवून दाखवली. आपल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष तेव्हा दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी पाहिलं, शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताहेत, आणि वेळ बघावी तर विलायतेच्या पळणाऱ्यांच्या जवळपास! मग गव्हर्नरला गाठलं, विलायतेत पत्रापत्री केली, १९२० साली पुण्यात शर्यती घेऊन पोरं निवडली."

"आणि पैसे?"

"थोडे सरकारचे, बरेचसे टाटांच्या खिशातले, उरलेली वर्गणी."

"वर्गणी म्हटली की आपली माणसं दाराला कडी लावतात. त्यात तेव्हा नुकती इन्फ्लुएन्झाची साथ होऊन गेलेली. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, घरटी एक तरी गेलं."

"तरी जमली की! चार पळणारे नि दोन पैलवान. बेळगावचे फडेप्पा चौगुले, एक कैकाडी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि सदाशिव दातार..."

"दातार? आमच्या आत्याच्या सासरचे असणार. त्यांच्यात सगळे काटक."

"जगातल्या सगळ्या दातारांशी नातं लावू नका हो. पुढं ऐका. खेळ होते बेल्जियममध्ये, अँटवर्पला. त्या गावावर चार वर्षं जर्मनांचा कब्जा होता. १९१९च्या एप्रिलमध्ये ठरलं की खेळ इथं, आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात सोहळा. बिचाऱ्यांच्या घरात धड दाणा नाही आणि पाहुणे सगळ्या जगाचे."

"जर्मनांनाही बोलावलं होतं?"

"छे! त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना आमंत्रणच नाही."

"बरोबर आहे. घर जाळणाऱ्याला बारशाला कोण बोलावतं?"

"आणि अमेरिकेच्या पोरांची तऱ्हा ऐका. त्यांना आणलं लष्करी बोटीतून, प्रिन्सेस माटोइका तिचं नाव. त्याच बोटीतून आधी युद्धात मेलेल्या सैनिकांची प्रेतं मायदेशी नेली होती. औषधाचा वास अजून गेला नव्हता, वर उंदीर! पोरांनी भर समुद्रात तक्रारीचा अर्ज लिहून सह्या केल्या. अँटवर्पला उतरले तर शाळेत खाटा टाकलेल्या. एक तिहेरी उडीवाला रागानं दुसरीकडे राहायला गेला, तर त्याला टीममधूनच काढलं. मग बाकीचे त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि घेतला परत."

"आपली पोरं नाही कुरकुरली?"

"त्यांची कुरकुर लिहून कोण ठेवणार? मॅरेथॉन मात्र नोंदलेली आहे. रस्ता पावणेत्रेचाळीस किलोमीटर, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. फिनलंडचा कोलेमाइनेन पहिला, अडीच तासांच्या थोडा वर. आपले चौगुले २ तास ५० मिनिटांत, एकोणिसावे. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी रस्त्यावर मॅरेथॉन पळायची आणि एकोणिसावं यायचं, हे मला तर पदकापेक्षा कमी वाटत नाही."

"आणि दातार?"

"शर्यत पुरी नाही झाली त्यांची."

"मग नसतील ते आमचे."

"वहिनी!"

"बरं, पैलवानांचं सांगा."

"नवले पहिल्याच कुस्तीत गेले. पण रणधीर शिंदे! तांबड्या मातीतला माणूस, गादीवर उतरून सेमीफायनलपर्यंत गेला. ब्राँझच्या कुस्तीत इंग्रजाशी हरला. चौथा."

"चौथा म्हणजे काहीच नाही. तिसऱ्याचा फोटो लागतो, चौथ्याला रिक्षा करून घरी यावं लागतं."

"म्हणून तर नाव कुणाला माहीत नाही. खाशाबा जाधव सगळ्यांना माहीत, कारण हेलसिंकीला ब्राँझ आलं. ते १९५२ साली. म्हणजे शिंद्यांनंतर बत्तीस वर्षांनी."

"खाशाबांचं ठाऊक आहे मला. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, सात हजारांना."

"आणि उरलेले?"

"लोकांकडून. तेव्हाही वर्गणीच!"