नाटकवाले काका

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वसाहतीच्या सूचनाफलकावर 'बालनाट्य : इच्छुक मुलांनी नावे द्यावीत' असा वळणदार अक्षरांतील जाहीरनामा झळकला की, जमाबंदी खात्यातून सेवानिवृत्त झालेले आमचे नाटकवाले काका पुनश्च सेवेत, अर्थात बिनपगारी, रुजू झाले असे समजावे.

नाटकात पात्रे ७ असतात आणि नावे ३४ येतात. शिवाय त्या ३४ अपत्यांच्या मातांपैकी एकीलाही आपले अपत्य राजपुत्राहून कमी प्रतीच्या कार्यासाठी जन्मास आले आहे हे मान्य नसते. या त्रैराशिकावर काकांनी शोधलेला तोडगा असा की, नकार कोणालाही द्यावयाचा नाही. म्हणून संहितेतील एका प्रधानाचे तीन होतात, सहा भालदार-चोपदार नव्याने भरती होतात, आणि उरलेल्या १९ जणांचे अरण्य होते. गतवर्षी हे अरण्य राजाच्या शयनगृहापर्यंत पोहोचले होते. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र त्यास प्रतीकात्मक नेपथ्य समजून आपल्या अभिप्रायात गौरविले.

चेटकीण होण्यास कोणीही मुलगी राजी नसते. अशा वेळी, १९५९ साली सुधाताई करमरकरांच्या लिटल थिएटरने रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले आणि त्यात चेटकीण खुद्द सुधाताईंनी रंगविली, हा इतिहास काका शिवराज्याभिषेकाचा शक सांगावा अशा गांभीर्याने कथन करतात, आणि मुसमुसणारी बालिका डोळे पुसून झाडूवर आरूढ होते. तालमीची शिस्त मात्र कचेरीची. हजेरीपट आहे, रजेचे अर्ज आहेत, आणि राक्षसाने उत्साहाच्या भरात पदरची एक ढेकर दिली, तर 'परिनिरीक्षण मंडळाकडे पाठविलेल्या संहितेत ही ढेकर नमूद नाही' अशी तोंडी ताकीदही आहे. तथापि ऐन रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी तोच राक्षस आंबे खाण्यासाठी आजोळी रवाना होतो, आणि त्यास परत आणण्याकरिता काका स्वखर्चाने एस. टी.ने रत्नागिरी गाठतात, हेही दप्तरी नोंदवले पाहिजे.

प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, स्पिरिट गमचा विश्वासघात होऊन राजाची मिशी प्रधानाच्या खांद्यावर जाऊन बसली, तरी सर्व सुरळीत चालले होते. दुसऱ्या अंकात मात्र राजपुत्राने तलवार उपसली, प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे पाहिले, आणि तो संवाद साफ विसरला. विंगेतून प्रॉम्प्टिंग करणारे काका, ज्यांचे वाक्य एरव्ही नटाआधी शेवटच्या रांगेस ऐकू जाते, नेमके त्याच क्षणी पायांखाली गेलेला चष्मा चाचपीत होते. सभागृह स्तब्ध झाले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या सर्वांत बुटक्या वृक्षाने ते वाक्य म्हटले, मग शेजारच्याने, आणि महिनाभर मुकाट उभे राहून सर्वांचे सर्व संवाद पाठ करून बसलेले ते संपूर्ण अरण्य एकमुखाने राजपुत्राची भूमिका करू लागले, ती अंक संपेपर्यंत थांबेना.

त्या रात्री काकांनी जमाखर्चाची वही उघडली, सालाबादची तूट सालाबादप्रमाणे स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या नावे टाकली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिले : 'पुढील वर्षापासून अरण्यास संवाद द्यावेत.'