मांडवगणात पुन्हा खरखर

अहो, ऐकलंत का? ऐकू आलंच असेल म्हणा, एवढ्या मोठ्यानं लावल्यावर! मांडवगण फराट्यात माळ्यावरचे ट्रान्झिस्टर खाली उतरलेत. सत्तरी गाठलेली, सुना-नातवंडांची माणसं. आणि उद्योग काय, तर जुने सेल उन्हात तापवायचे. तेही सांडग्यांच्या शेजारी! राखण करणाऱ्या बाईनं नजर ठेवायची तरी कशावर?

सुरुवात कुणी केली? नाव नको घ्यायला. पारावर एक आजोबा बोलून गेले की कपिलदेवच्या नाबाद १७५ आपण पाहिल्यात. डोळ्यांनी! १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, समोर झिम्बाब्वे, आपले १७ धावांत ५ गारद. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नाही, आणि यांनी म्हणे ती खेळी भीमेच्या काठावरून पाहिली. कुणीतरी तोंडावर सांगितलंच, तर उलट विचारतात, "मग पंचवीस तारखेची फायनल ऐकली, तीही खोटी का?" ती मात्र खरी हो. १८३ राखायच्या होत्या आणि वेस्ट इंडिज १४० ला आटोपलं. त्या रात्री उसाला दारं धरायला गेलेला गडी बांधावर कॉमेंट्रीला कान लावून बसला. सरी फुटली, पाणी खालच्याच्या वावरात. भांडण झालं नाही, कारण खालचाही तिथंच बसला होता.

बरं, पुरुषांचं सोडा. आमच्या गल्लीतल्या एका आजींना गीतरामायण हवंय. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, वर्षभरात ५६ गाणी. लोक रेडिओला हार घालून बसायचे. नातू म्हणाला, मोबाइलवर सगळं आहे, लावून देतो. आजी म्हणाल्या, "आणि हार कुठं घालू?"

म्हणे पूर्वीचं घरातलं ऐकणं किती सोज्वळ! सोज्वळ? बुधवारी आठ वाजता सिलोनवर अमीन सयानी यायचे, तेव्हा भाकऱ्या करपायच्या. पण सिलोनची चटक लावली कुणी? आपल्याच मराठी माणसानं. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकरांना सिनेमाची गाणी खपत नव्हती. त्यांनी आकाशवाणीवर कात्री लावली आणि अख्खा देश परदेशी स्टेशन धरायला लागला. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. आणि घरातलं ऐकणं म्हणजे तरी काय? रेडिओ एकाच्या घरात, ऐकणारी आळी ओसरीवर, चहाचं आधण मात्र त्या घरच्या बाईच्या चुलीवर. तिला कुणी विचारलंय का, आठवणी कशा आहेत म्हणून?

अमेरिकेतही हेच खूळ, फक्त क्रिकेटच्या जागी बेसबॉल. तिकडं १९२१ ला पिट्सबर्गच्या स्टेशननं पहिला सामना ऐकवला; म्हणजे त्यांच्या आजोबांच्या थापा आपल्यापेक्षा मुरलेल्या असणार.

आता कहर ऐका. कॉलेजातल्या एका पोरानं टेपरेकॉर्डर आणलाय. कॅसेट एकच, तीही मावशीच्या लग्नाची. दिवसभर पेन्सिल घालून फीत गुंडाळतो आणि वाघेश्वराच्या देवळापर्यंत मंगलाष्टकं ऐकवतो. मावशीला दोन नातवंडं झालीत!

आमच्याकडं? छे! आमचा मर्फी नुसता पुसायला काढलाय. आणि ते खिडकीत तापताहेत ना, ते बॅटरीचे सेल. हो, चार आहेत. मोठी बॅटरी आहे आमची.